काटा सत्त्याण्णववर

९ फेब्रुवारी

ताई,

आणि ते बसच्या दारात बोलायची काय गरज होती? बोलायचं तर घरात बोलायचं होतंस. ड्रायव्हर इंजिन चालू करून बसलेला, मागे माणसं बोचकी घेऊन खोळंबलेली, आणि तू म्हणालीस, "याला दोन तिकिटं द्या हो, एकात मावायचा नाही." सगळे फिदीफिदी हसले. ड्रायव्हर तर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. तू हसली नाहीस, तेवढं मी पाहिलं. पण बोललीस तर खरी ना? मग पायरीवरून मी जे बोललो ते बोललो. तुला लागलं असेल, तर मला तरी कुठे गुदगुल्या झाल्या होत्या?

दीड वर्ष झालं याला. फोन केला की भाऊजी उचलतात आणि म्हणतात, "ती कामात आहे." एवढं कसलं काम गं? चोवीस तास? म्हणून हे लिहितोय. फोन कापता येतो, कागद कापलास तरी तुकडे वाचावे लागतील. अक्षराला हसू नकोस. चौथीत शाळा सुटली त्यानंतर पेन धरलं ते फक्त सही करायला.

सांगायचं होतं ते एवढंच, की मी आता एका तिकिटात मावतो. आलो तेव्हा एकशे पंधरा किलो होतो, आता सत्त्याण्णव आहे. इथे गोदामात साबणाची पिंपं मोजायचा मोठा वजनकाटा आहे. मुकादम दर सोमवारी मला त्याच्यावर उभा करतो. त्यावरून सगळ्यांनी माझं नावच पिंप ठेवलंय. "पिंप आलं का? पिंप हलवा जरा." हसतो मीही. रोज रुसून कुठे जाऊ?

उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही.

तुझा भाऊ


२ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे.

मी फोनवर भाऊजींना "काचा पुसायचं काम" सांगितलं होतं. तुम्हाला वाटलं असेल, खुर्चीवर चढून आतून पुसतो. तसं नाही. उंच इमारतींच्या काचा आम्ही बाहेरून पुसतो. गच्चीवरून दोर सोडतात, माणूस कमरेला आणि मांड्यांना पट्टे बांधून त्या दोरावर लटकतो, बाजूला बादली, हातात रबराची पट्टी. वरून पुसत पुसत खाली येतो. घाबरू नकोस, मी अजून वर गेलेलो नाही. मी खालचा माणूस. रस्त्यावर लाल-पांढरी फीत बांधायची, वरून साबणाचं पाणी गळतं त्याखाली कोणी येऊ नये म्हणून लोकांना पलीकडून पाठवायचं, बादल्या भरून द्यायच्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. "इकडून नको, तिकडून जा." दिवसभरात माझ्या तोंडून निघतं ते एवढंच.

आता मुद्द्याचं. दोरावर माणूस आणि सामान मिळून शंभर किलोच चालतात. कंपनीचा नियम आहे, त्यात मुकादमाचंही चालत नाही. सामान दहा किलो. म्हणजे माणूस नव्वद. दोरावर काटक्या म्हणून एक जुना माणूस आहे, अंगावर मांस म्हणून नाही, तो गुडघ्यांपायी मेअखेर काम सोडतोय. त्याची जागा रिकामी होणार. आणि खालच्या माणसाची जागा कंपनी बंदच करणार आहे, फीत बांधायला इमारतीचा वॉचमन पुरे म्हणतात. मुकादम म्हणाला, "पिंपा, मे संपायच्या आत नव्वद दाखव, पट्टे तुझे. नाही दाखवलंस तर घरचं तिकीट मी स्वतः काढून देतो."

घरी यायचं म्हणजे तुझ्याच दारात. आणि मी बसच्या पायरीवर असताना तू म्हणाली होतीस, चार महिन्यांत परत येशील. मी नाही येणार तसा.

पण काटा हलत नाही गं. जानेवारीपासून सत्त्याण्णव. सत्त्याण्णव म्हणजे सत्त्याण्णव. आधीचे अठरा किलो कसे भराभर गेले, मलाच हसू येत होतं, पट्ट्याला खिळ्याने भोकं पाडत होतो. आणि आता ढिम्म. रात्रीचं जेवण सोडलं. मग दुपारचंही सोडलं. खोली पाचव्या मजल्यावर आहे, कामावरून आलो की तीनदा चढतो-उतरतो. पोटात कावळे ओरडतात ते शेजारच्या खोलीत ऐकू जात असतील. सोमवारी काट्यावर उभा राहतो, श्वास सोडून, खिशातली किल्लीसुद्धा काढून. सत्त्याण्णव.

खोलीचं विचारलं होतंस का कधी? नाही. तरी सांगतो. एक खाट, दोन माणसं. दुसरा पावाच्या भट्टीत रात्रपाळी करतो. मी उठून जातो तेव्हा तो येतो. दीड वर्षात आमची गाठ दारातच पडली असेल, तीही पाच-सहा वेळा. उशीवर पीठ असतं त्यावरून कळतं की माणूस आहे. थंडीत खाट त्याच्या अंगाने गरम झालेली मिळावी असं वाटायचं, पण मी येईपर्यंत ती गार झालेली असते.


२३ मार्च

ताई,

भांडण झालं. मुकादमाशी.

आज काट्यावर पुन्हा तेच. मुकादम म्हणाला, "तू चोरून खातोस." मी म्हणालो, "आईची शपथ, दोन्ही वेळचं बंद आहे." तो म्हणाला, "शपथा नकोत, काटा सांगतोय." मला असा राग आला ताई, मी एक रिकामं पिंप लाथेने उडवलं. ते गडगडत जाऊन त्याच्याच मोटरसायकलला लागलं. मला वाटलं आटोपलं. मुकादमाने मोटरसायकल पाहिली, मला पाहिलं आणि म्हणाला, "ताकद तर आहे. उपाशी माणूस एवढी लाथ मारत नाही."

संध्याकाळी काटक्या माझ्या बाजूला दोर गुंडाळत बसला. हा माणूस फार बोलत नाही. दोरावर राहून बोलायची सवयच जाते, म्हणतो. म्हणाला, "तू खोटं बोलत नाहीस."

म्हटलं, "मग काटा खोटा बोलतो का?"

"काटाही नाही. पिंपा, मी वरून दिवसभर तुलाच बघतो. दुसरं काय दिसतं वरून? तुझं डोकं आणि तुझा कप."

"कप?"

"सकाळी पार्किंगवाल्याजवळ एक. मग किल्लीवालीकडे एक. मग बँकेच्या वॉचमनबरोबर. जेवायच्या सुट्टीत परत पार्किंगवाला. मग कुरिअरची पोरं. मग परत किल्लीवाली. मी तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत तुझ्या हातातला कप बदललेला असतो. साखर किती घालतात?"

तीन-तीन चमचे. आणि बिस्किटं. नुसता चहा कोण देतं?

खरं सांगू? मी ते खाण्यात धरलंच नव्हतं. ते मला खाणं वाटलंच नाही. शिट्टी वाजवून गाड्या लावतो तो पार्किंगवाला हाक मारतो, "ये रे, घसा ओला कर," तेव्हा मी जातो ते चहासाठी नाही. तो त्याच्या मुलीच्या लग्नाचं सांगतो. किल्लीवाली मावशी दातांचं सांगते. कप संपेपर्यंत सांगतात. कप संपला की मी फितीजवळ. म्हणून मी कप पुरवून पुरवून पितो.

काटक्या म्हणाला, "दुपारी नीट जेव. भाजी, डाळ, पोटभर. उपाशी राहिलास की हात आपोआप कपाकडे जातो. आणि चहा सोड." मी म्हणालो बरं. बरं म्हणायला काय जातं.


६ एप्रिल

ताई,

सोडला. चौदा दिवस.

दुपारी डबा घेतो आता, फितीजवळ उलट्या बादलीवर बसून जेवतो. मग भूक उरत नाही. डोकं दुखायचं ते थांबलं. तुला खोटं वाटेल, जेवायला लागलो आणि काटा हलला. पंच्याण्णव. मुकादमाने काट्यावर टिचकी मारून पाहिली.

पण ऐक काय झालं ते.

पहिल्या दिवशी पार्किंगवाल्याला म्हटलं, नको. तो म्हणाला, "का? डॉक्टर झालास?" दुसऱ्या दिवशी, "अरे घे रे, एकाने काय होतंय." तिसऱ्या दिवशी त्याने हाक मारलीच नाही. वाईट वाटून नाही गं, त्याला दुसरं कोणी सापडलं असेल. बँकेचा वॉचमन आता मान हलवतो लांबून. कुरिअरची पोरं तर काय, येतात नि जातात. मावशीला मात्र लागलं. म्हणाली, "माझ्या कपाला काय झालं रे? धुतलेला नाही वाटतो?" मी म्हटलं, "मावशी, वजन." तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "वजनाला काय, असतं एकेकाला." आणि कप स्वतःच पिऊन टाकला, माझ्याकडे पाठ करून.

तेव्हापासून दिवस फार लांब झालाय. आठ वाजता फीत बांधतो. मग वर काटक्याचे बूट दिसतात. मग दुपार. मग बूट जरा मोठे दिसायला लागतात. गेल्या बुधवारी मी सकाळपासून रात्रीपर्यंत एकाही माणसाशी बोललो नाही. "इकडून नको" सुद्धा नाही, कारण कोणी आलंच नाही. खोलीवर येऊन दार लावलं आणि मोठ्याने म्हणालो, "काय रे, जेवलास का?" स्वतःचाच आवाज ऐकून दचकलो.

हे तुला कशाला सांगतोय. सोड.


२७ एप्रिल

ताई,

त्र्याण्णव. मुकादमाने सगळ्यांदेखत सांगितलं, "पिंप गळायला लागलं रे." काटक्याने त्याचे पट्टे मला घालून दाखवले, गोदामात, जमिनीवरच. मांडीचा पट्टा अजून काचतो. तो म्हणाला, "दोन बोटं शिरायला पाहिजेत." आमची एकच शिरली, तीही त्याची.

आणि मावशीने परत बोलावलं. चहाला नाही. मी फितीजवळ हात खिशात घालून उभा होतो, तर ओरडली, "काय खांबासारखा उभा आहेस? ये इकडे, हात रिकामे आहेत ना?" आणि समोर डबाभर जुन्या किल्ल्या ओतल्या. गोल डोक्याच्या एका तारेत, चौकोनी दुसऱ्या तारेत, तुटक्या वेगळ्या. मी एक डोळा फितीवर ठेवून किल्ल्या लावत बसलो. ती दातांचं सांगत होती. एक काढलाय, दुसरा काढायचाय, मुलगा येतो म्हणतो आणि येत नाही. मध्येच म्हणाली, "तुला कोण आहे रे?" मी म्हटलं, "बहीण." ती म्हणाली, "बोलते का?" मी म्हटलं, "कामात असते." तिने माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक मूठ किल्ल्या पुढ्यात टाकल्या.

तिथे बसलो असताना पायरीवरचं माझं बोलणं आठवलं. तुझ्या घरात बोलायला काही नव्हतं, खायलाच होतं, म्हणून खाल्लं, असं म्हणालो होतो ना मी? त्यात खोटं काय होतं, तूच सांग. आई गेली, बाबा तोंड फिरवून बसले, तू शाळेच्या कॅन्टीनमधून येऊन परत घरी चूल पेटवायचीस. कुणी ओरडलं की तू माझ्या ताटात वाढायचीस. मी नापास झालो, तू वाढलंस. बाबांनी पट्ट्याने मारलं, तू रात्री ताट घेऊन आलीस आणि मी संपवेपर्यंत बसून राहिलीस. एक शब्द नाही. मी संपवलं की तू उठायचीस. म्हणून मी सावकाश खायचो.

असो. किल्ल्या अजून निम्म्या बाकी आहेत.


१६ मे

ताई,

तुझं पत्र आलं. भट्टीवाल्याने उशीवर ठेवलं होतं, पाकिटावर पिठाची बोटं. आधी वाटलं कुणाचं तरी चुकून आलंय. मग अक्षर ओळखलं.

दोनच ओळी, पण मला पाठ झाल्या. "तुझं वजन अडकलं होतं तेवढे दिवस मला झोप लागत होती. आहे तेवढं राहू दे, खाली उभा राहा."

म्हणजे तू सगळी पत्रं वाचलीस. आणि भाऊजी म्हणत होते, पाकिटं तशीच पडली आहेत.

मी दिवसभर त्या दोन ओळींवर भांडत होतो तुझ्याशी, मनातल्या मनात. दीड वर्ष बोलली नाहीस आणि बोललीस तर हे? मी एकेक किलो कसा काढलाय माहीत आहे का तुला? मी इथे गप्प उभं राहून तो काढलाय. आणि तू तिकडे काटा अडकावा म्हणून वाट बघत होतीस. शाब्बास.

मग दुपारी काय झालं मला, मी फीत ओलांडून पार्किंगवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, "आहे का चहा?" त्याने शिट्टी तोंडातून काढली. "अरे! डॉक्टर परत आले!" दोन कप प्यायलो. साखर घालूनच. मुलीचं लग्न मोडलंय त्याच्या. सगळं सांगितलं त्याने, मध्ये दोन गाड्या चुकीच्या लागल्या तरी. दोन कपांनी काही होत नाही, पण मी दुसरा कप मागून घेतला, तो तुझ्यासाठी घेतला. तू म्हणालीस म्हणून. एक दिवस तुझं ऐकलं असं समज.

सोमवारी काटा एक्याण्णव होता. आज काट्यावर चढून पाहिलं नाही.

काटक्याला पत्र दाखवलं. त्याला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. तो दोराची गाठ सोडत होता. म्हणाला, "माझ्या घरच्यांना अजून माहीत नाही मी काय करतो ते. गोदामात आहे सांगितलंय. बावीस वर्षं." मग म्हणाला, "तुझ्या बहिणीला कळलंय तर तुला तिचा विचार करावा लागेल. मला नाही लागला." मी विचारलं, "मग काय करू?" त्याने खांदे उडवले. "मी काय सांगू? मी तर उतरतोय."

मी तुला काय लिहू ते अजून ठरत नाही. खाली जागाच राहणार नाही गं. खाली उभा राहा म्हणजे घरी ये, असं म्हणतेस का? तसं असेल तर तसं लिही. "ये" असं लिही. एकच अक्षर आहे. मी मेअखेरपर्यंत उशी बघत राहीन.


८ जून

ताई,

पत्र आलं नाही.

मेच्या शेवटच्या सोमवारी काट्यावर उभा राहिलो. नव्वदला काटा जरा थरथरला आणि थांबला. मुकादमाने वाकून पाहिलं. मला वाटलं ओरडेल, हसेल, काहीतरी करेल. त्याने फक्त वहीत लिहिलं आणि म्हणाला, "उद्या सकाळी सहाला गच्चीवर." नंतर दाराशी जाऊन वळला, "पिंप म्हणायचं का नाही आता, ते बघू."

दुसरी इमारत आहे ही. मावशी, पार्किंगवाला सगळे तिकडेच राहिले. जाताना मावशीने एक किल्ली दिली, कुठल्या कुलुपाची ते तिलाही माहीत नाही. म्हणाली, "असू दे खिशात, वजन थोडंच होतंय." काटक्या पहिल्या दिवशी गच्चीवर होता. प्रत्येक बक्कल त्याने दोनदा ओढून पाहिलं. मांडीच्या पट्ट्यात आता दोन बोटं शिरतात. म्हणाला, "काठावर बस. पाय बाहेर. आता दोराला वजन दे. सगळं दे, अर्धं ठेवू नकोस, अर्धं ठेवलं की माणूस घाबरतो." मी काठाला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. किती वेळ ते सांगत नाही. त्याने घाई केली नाही. मग मी दिलं. दोर ताणला, करकरला आणि धरून राहिला मला. दुसऱ्या दिवशी तो गेला, पिशवी खांद्याला लावून, गुडघे धरत.

वर वारा असतो. खालचं ऐकू येत नाही काही. काचेपलीकडे माणसं बसलेली असतात टेबलांशी, आपल्याकडे बघत नाहीत, त्यांना सवय झालेली असते. परवा अकराव्या मजल्यावर एकजण एकटाच डबा खात होता. माझ्यापासून एका हातावर, मध्ये काच. आमची नजरानजर झाली, त्याने डबा जरा बाजूला सरकवला, मी साबण फासला आणि तो दिसेनासा झाला. पुसल्यावर बघतो तर खुर्ची रिकामी.

भीती वाटते. तुला खोटं सांगून काय करू? सकाळी पहिल्यांदा वजन देताना वाटते, रोज. मग हात कामाला लागतात. पट्टे नवीन आहेत, दोर दोन असतात, एक सुटला तरी दुसरा. हे काटक्याने त्याच्या घरी कधी सांगितलं नाही. मी तुला सांगतोय, म्हणजे तुला माहीत असू दे की दोर दोन असतात.

तू "खाली राहा" म्हणालीस, मी राहिलो नाही. "ये" म्हणाली असतीस तर आलो असतो का, मला माहीत नाही. तुलाही माहीत नसेल, म्हणून लिहिलं नसशील. झोपत जा पण. संध्याकाळी सहाला मी जमिनीवर असतो, रोज. सहानंतर तरी काळजी करू नकोस.

दोराचा पहिला पगार झाला. पैसे नको वाटले तरी परत पाठवू नकोस, तुझ्याजवळ नुसते ठेव. खोलीचं भाडं आणि डब्याचे काढून उरले ते सगळे तुला पाठवतोय. चौदा हजार दोनशे.